अपेंडिक्सच्या गाठीसाठी स्कॅन: कोणता, कोणत्या क्रमाने, आणि रिपोर्टमध्ये काय पाहायचं

अपेंडिक्सची गाठ आणि तिचा पोटातला पसरा शोधताना बहुतेक घरांत वेळ आणि पैसा एकाच तऱ्हेने जातो. सोनोग्राफीत 'पोटात पाणी' येतं. घाईघाईत साधा सीटी होतो. मग 'कॅन्सर आहे की नाही ते एकदाच कळू दे' म्हणून पेट स्कॅन केला जातो, तो जवळपास स्वच्छ येतो आणि घरचे निर्धास्त होतात. काही महिन्यांनी पोट आणखी वाढतं, रुग्ण कॅन्सरच्या सर्जनकडे पोचतो आणि ते म्हणतात, सीटी पुन्हा करावा लागेल.

अशा वेळी मशीन बहुधा चांगलंच असतं. चुकतं ते इतकंच, की स्कॅन भलत्याच प्रश्नासाठी काढलेला असतो. पुढचे टप्पे नातेवाइकांसाठी लिहिले आहेत, पण चिठ्ठी लिहून देणाऱ्या फॅमिली डॉक्टरांनाही ते उपयोगी पडतील. औषधं थांबवणं किंवा सुरू करणं मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

## टप्पा १: नक्की काय शोधायचं ते ठरवा

अपेंडिक्समधल्या सगळ्या गाठी एकसारख्या नसतात आणि सगळ्यांना एकच स्कॅन चालत नाही. ढोबळमानाने तीन गट धरा.

पहिला गट म्युसिनस, म्हणजे चिकट स्राव तयार करणाऱ्या गाठींचा. यात एलएएमएन नावाची संथ वाढणारी गाठ येते आणि म्युसिनस अ‍ॅडेनोकार्सिनोमाही येतो. अपेंडिक्स या स्रावाने फुगतं आणि फुटलं तर जेलीसारखा पदार्थ पोटात पसरतो. या पसऱ्याला स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय म्हणतात. पेरिटोनियम म्हणजे पोटाच्या पोकळीचं आतलं पातळ अस्तर. पसरा याच अस्तरावर होतो, म्हणून लेखात हा शब्द पुन्हा पुन्हा येईल.

दुसरा गट न्यूरोएंडोक्राइन गाठींचा. जुन्या रिपोर्टमध्ये यांनाच कार्सिनॉइड लिहिलेलं असतं. या बहुतेकदा अपेंडिक्सच्या टोकाला असतात आणि साध्या अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर बायोप्सीत अचानक सापडतात. १ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि पूर्ण निघालेल्या गाठीला सहसा पुढे कोणताच मोठा स्कॅन लागत नाही. २ सेंटिमीटरच्या वर असेल तर लागतो. मधल्या आकारात पॅथॉलॉजी रिपोर्टमधल्या इतर गोष्टी पाहून डॉक्टर ठरवतात.

तिसरा गॉब्लेट सेल अ‍ॅडेनोकार्सिनोमा. ही गाठ अपेंडिक्सच्या भिंतीत पसरते आणि पुष्कळदा गोळा असा दिसतच नाही. तिच्या बाबतीत 'स्कॅनमध्ये गाठ नाही' या वाक्यावर विसंबू नका.

त्यामुळे ऑपरेशन झालं असेल तर स्कॅनची अपॉइंटमेंट घेण्याआधी बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट हातात हवा. 'अपेंडिक्सच होतं, काढलं, विषय संपला' असं म्हणून तो आणायलाच कुणी जात नाही, असं फार होतं. काढलेलं अपेंडिक्स प्रत्येक वेळी तपासणीला गेलंच पाहिजे आणि त्याचा रिपोर्ट कुणीतरी वाचलाच पाहिजे.

इशारा: ऑपरेशन झालेलं नाही आणि स्कॅनमध्ये अपेंडिक्स फुगलेलं दिसतंय, तर 'सुई घालून थोडा तुकडा काढू' याला लगेच होकार देऊ नका. म्युसिनस गाठीला सुईने भोक पडलं तर आतला स्राव पोटात सांडू शकतो. हा निर्णय अशा गाठींचा अनुभव असलेल्या सर्जनवर सोडा.

## टप्पा २: कागद आणि जुने स्कॅन एका पिशवीत

हे सगळं आधी जमवा:

- बायोप्सीचा रिपोर्ट. दुसरं मत घ्यायचं असेल तर त्या लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपून ठेवलेला तुकडा).
- ऑपरेशनची नोंद. अपेंडिक्स आधीच फुटलं होतं का, पोटात जेली दिसली का, हे त्यात असतं. डिस्चार्ज कार्डावर ते बहुतेकदा नसतं, त्यामुळे वेगळं मागावं लागतं.
- आधीच्या प्रत्येक स्कॅनची सीडी किंवा पेन ड्राइव्ह. फक्त फिल्म पुरत नाही.
- सीईए, सीए १९-९ आणि सीए १२५ या रक्तातल्या मार्करचे आकडे, उपचाराआधीचे. ऑपरेशननंतर ते मागे जाऊन मिळवता येत नाहीत.
- अलीकडचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी.

जुनी सीडी का हवी? दोन वर्षांपूर्वी मूतखड्यासाठी काढलेल्या सीटीतही अपेंडिक्स दिसत असतं. त्या वेळी कुणी त्याकडे पाहिलेलं नसतं. रेडिओलॉजिस्टला ती सीडी मिळाली तर गाठ किती वेगाने वाढतेय हे एका नजरेत कळतं आणि उपचाराची घाई किती करायची तेही ठरतं.

## टप्पा ३: चिठ्ठीवर नीट लिहून घ्या

'सीटी अ‍ॅब्डोमेन, पोटदुखी' एवढंच लिहिलेली चिठ्ठी गेली की सेंटरवर पोटदुखीचा सीटी निघतो. टेक्निशियनला आणि रेडिओलॉजिस्टला दुसरं काही कळायला मार्गच नसतो. डॉक्टरांकडून साधारण असं लिहून घ्या:

'अपेंडिक्सची म्युसिनस गाठ. अमुक तारखेला ऑपरेशन, बायोप्सी एलएएमएन. पेरिटोनियमवरचा पसरा पाहायचा आहे. छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी, तोंडावाटे आणि शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन. पोर्टल व्हेनस फेज. कोरोनल आणि सॅजिटल चित्रांसह. पसऱ्याचं भागवार वर्णन आणि पीसीआयचा अंदाज द्यावा.'

कॉन्ट्रास्ट म्हणजे चित्रात अवयव उठून दिसावेत म्हणून दिलेलं औषध. ते शिरेतून गेल्यावर चित्रं कोणत्या वेळी काढायची, त्याला फेज म्हणतात. कोरोनल म्हणजे समोरून आणि सॅजिटल म्हणजे बाजूने दिसणारे काप. पीसीआय म्हणजे पसरा किती आहे ते सांगणारे गुण, त्याबद्दल टप्पा ६ मध्ये.

गाठ न्यूरोएंडोक्राइन असेल तर चिठ्ठीत आर्टिरिअल फेजही हवा. या गाठींना आणि त्यांच्या लिव्हरमधल्या डागांना रक्तपुरवठा जास्त असतो. कॉन्ट्रास्ट रोहिण्यांत असतो त्या सुरुवातीच्या सेकंदांत त्या उठून दिसतात आणि नंतर आजूबाजूच्या पेशींत मिसळून जातात.

तपासून घ्या: चिठ्ठीवर 'प्लेन' किंवा 'केयूबी' लिहिलंय का? हे मूतखड्याचे, कॉन्ट्रास्टशिवायचे स्कॅन आहेत. या कामाला ते उपयोगाचे नाहीत. क्रिएटिनिन वाढल्यामुळे डॉक्टरांनी मुद्दाम प्लेन सांगितला असेल, तर त्याऐवजी एमआरआय चालेल का ते विचारा.

## टप्पा ४: सीटीची तयारी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा लांब आहे.

अपॉइंटमेंट घेताना फोनवरच सांगायचं: पूर्वी कॉन्ट्रास्टमुळे अंगावर गांधी, सूज किंवा श्वासाचा त्रास झाला होता का. असेल तर बहुधा स्टिरॉइडच्या गोळ्या देतात आणि त्या स्कॅनच्या अर्धा दिवस आधीपासून सुरू कराव्या लागतात. सेंटरवर पोचल्यावर सांगितलं तर स्कॅन पुढे ढकलावा लागतो. मासे किंवा कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर कॉन्ट्रास्ट चालत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. तेवढ्यासाठी कॉन्ट्रास्ट नाकारू नका. दमा किंवा थायरॉइडचा आजार असेल तर तोही सांगा, आणि गरोदर असण्याची थोडी जरी शक्यता असेल तर सगळ्यात आधी.

किडनी: क्रिएटिनिनवरून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, काढतात. तो ३० च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्टचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते थांबवायचं का, आणि ४८ तासांनी क्रिएटिनिन पाहून पुन्हा सुरू करायचं का, हे विचारा. किडनी चांगली असलेल्या प्रत्येकाला ते थांबवावं लागत नाही. सेंटरच्या छापील कागदावर सरसकट तसं लिहिलेलं असलं तरी तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

उपाशी राहणं: सीटीसाठी साधारण ४ तास जेवण नको. पाणी बंद करायची गरज सहसा नसते. उलट, पाणी कमी पडलेल्या माणसाच्या किडनीला त्रास जास्त होतो. रोजच्या बीपीच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवायला सांगितलं नसेल तर घोटभर पाण्याबरोबर घ्या. उन्हात लांबून येणारे वयस्क रुग्ण सकाळपासून पाण्याचा थेंबही न घेता येतात. हे टाळा.

प्यायचा कॉन्ट्रास्ट: तासाभरात हळूहळू लिटर-दीड लिटर प्यावा लागतो. पोट आधीच तुडुंब असलेल्या रुग्णाला हे खरोखर जड जातं, आणि मग 'राहू द्या, यांना नको' असं होतं. ते होऊ देऊ नका. सीटीत जेली आणि पाण्याने भरलेलं आतडं दोन्ही करडी दिसतात, शेजारी शेजारी असली तर वेगळी ओळखू येत नाहीत. आतड्यात पांढरा दिसणारा कॉन्ट्रास्ट असेल तर आतडं कुठे संपतं आणि जेली कुठे सुरू होते ते कळतं. म्हणून म्युसिनस गाठीत हा पांढरा कॉन्ट्रास्ट उपयोगी पडतो. न्यूरोएंडोक्राइन गाठीत मात्र आतड्याची भिंत स्पष्ट दिसायला हवी असते, तिथे मॅनिटॉल किंवा पाणी बरं. काही सर्जनांची स्वतःची पसंती असते. ऑपरेशन जे करणार आहेत त्यांचा शब्द अंतिम माना.

एकदम पिता येत नसेल तर वेळ वाढवून मागा. थोडं थोडं, मध्ये दोन पावलं चालत. उलट्या होत असतील किंवा गॅस-शौच बंद असेल तर ही आतड्याच्या अडथळ्याची लक्षणं असू शकतात. मग प्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा.

टेबलावर: शिरेतून कॉन्ट्रास्ट गेला की अंगात ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. हे दोन मिनिटांत जातं. रुग्णाला आधी सांगून ठेवलं नाही तर नेमक्या त्या क्षणी तो दचकतो, हलतो, श्वास सोडतो आणि चित्रं पुसट येतात. पोर्टल व्हेनस फेजची चित्रं औषध गेल्यावर साधारण ७० सेकंदांनी निघतात, आणि ती वेळ हुकली तर पुन्हा मिळत नाही. म्हणून श्वास रोखायचा सराव घरीच करून घ्या. सुई टोचलेल्या जागी आग किंवा सूज झाली तर लगेच ओरडून सांगायचं, सहन करायचं नाही.

इशारा: स्कॅन डायफ्रामच्या (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या) वरून सुरू होऊन जांघेच्या खालपर्यंत गेला पाहिजे. जेली उजव्या डायफ्रामखाली आणि ओटीपोटाच्या तळाशी आधी साचते, पुरुषांमध्ये जांघेच्या हर्नियातही सापडते. नेमक्या याच जागा कापल्या गेलेले स्कॅन येतात.

## टप्पा ५: सेंटर सोडण्याआधी

फिल्म म्हणजे शेकडो चित्रांमधून निवडलेली काही चित्रं. मोबाइलवर फिल्मचा फोटो काढून पाठवला की तीही निम्मी जातात. त्यावरून सर्जनला ऑपरेशन ठरवता येत नाही. सेंटरवर सांगा: 'डायकॉम डेटा हवा, पातळ स्लाइससह.' डायकॉम म्हणजे स्कॅनची मूळ डिजिटल चित्रं, पातळ म्हणजे साधारण १ मिलिमीटरच्या. बऱ्याच सीडींमध्ये फक्त ५ मिलिमीटरचा संच भरलेला असतो. मूळ डेटा मशीनवर काही दिवसच राहतो, त्यामुळे ही मागणी त्याच दिवशी करायची.

सीडी घरी न्या, संगणकात उघडते का बघा, नाव आणि तारीख जुळवा आणि एक प्रत काढून ठेवा. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या रुग्णालयात बाहेरगावाहून जाणाऱ्यांनी तर हे नक्कीच करा. तिथे पोचल्यावर रिकामी सीडी निघाली तर अख्खी फेरी वाया जाते.

## टप्पा ६: रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टचं निदान तुम्हाला करायचं नाही. सर्जनला लागणाऱ्या गोष्टी त्यात आल्या आहेत का, एवढंच पाहायचं.

अपेंडिक्स असेल तर त्याची जाडी मिलिमीटरमध्ये हवी. नेहमीचं अपेंडिक्स ६ मिलिमीटरपर्यंत असतं. १५ मिलिमीटरच्या वर गेलं तर फक्त सूज म्हणून सोडून देऊ नये, म्युसिनस गाठीची शंका घ्यावी. भिंतीत कमानीसारखी कॅल्शियमची रेघ असेल तर शंका आणखी बळावते. भिंत फुटल्याच्या खुणा आहेत का, बाहेर जेली आहे का, हेही यायला हवं.

लिव्हर आणि प्लीहा यांच्या कडांकडे नीट लक्ष द्या. साधं पाणी अवयवाभोवती नुसतं पसरतं. जेली अवयवाला बाहेरून दाबते आणि कडेवर खळगे पाडते. रिपोर्टमध्ये याला 'स्कॅलपिंग' म्हणतात. रिपोर्टात 'जलोदर' किंवा 'अ‍ॅसायटिस' आहे पण स्कॅलपिंगचा उल्लेखच नाही, असं असेल तर रेडिओलॉजिस्टला तेवढा एक प्रश्न विचारून घ्या. आतड्यांवरचा चरबीचा पदर म्हणजे ओमेंटम. तो जाड होऊन भाकरीसारखा झाला असेल तर 'ओमेंटल केक' लिहितात.

बाकी यादी: दोन्ही ओव्हरी, ओटीपोटाचा तळ, मोठ्या आतड्याच्या कडेच्या खाचा, लिव्हरमध्ये रक्त नेणाऱ्या नळ्यांजवळची जागा, जठराचा आजूबाजूचा भाग, मूत्रनलिका दाबून किडनी फुगली आहे का, लिव्हरच्या आत डाग, लिम्फ नोड, छातीच्या अस्तरात पाणी. आणि सगळ्यात महत्त्वाचं लहान आतडं आणि त्याचं मेसेंटरी, म्हणजे त्याला धरून ठेवणारा पडदा. सतत हलत राहणाऱ्या लहान आतड्यावर जेली सुरुवातीला फारशी बसत नाही. ते मोकळं असेल तर ऑपरेशनची शक्यता चांगली, ते आकसून एकत्र ओढलं गेलं असेल तर अवघड. रिपोर्टमध्ये याबद्दल एक ओळही नसेल तर रिपोर्ट अपुरा आहे.

पीसीआय या आकड्याने पुष्कळजण घाबरतात. पोटाचे ९ आणि लहान आतड्याचे ४ असे १३ भाग करतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण. अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला १, ५ सेंटिमीटरपर्यंत २, त्याहून मोठ्या किंवा एकमेकींत मिसळलेल्यांना ३. एकूण जास्तीत जास्त ३९. सीटीवरचा आकडा अंदाजाचा असतो आणि प्रत्यक्षापेक्षा बहुधा कमी, कारण ५ मिलिमीटरहून लहान गाठी सीटीत सहज निसटतात. संथ वाढणाऱ्या गाठीत मोठा आकडा असूनही पूर्ण शस्त्रक्रिया होऊ शकते. आकडा वाचून घरीच आशा सोडू नका.

नेहमीच्या तीन चुका

टीबी समजणं. आपल्याकडे पोटात पाणी आणि जाड ओमेंटम दिसलं की पोटाचा टीबी आधी आठवतो, आणि तो खरोखर पुष्कळदा असतोही. पण नुसत्या स्कॅनवरून टीबीची औषधं सुरू करून सहा महिने थांबणं धोक्याचं आहे. तुकडा किंवा द्रव तपासून खात्री करा.

ओव्हरीची गाठ समजणं. अपेंडिक्समधून निघालेल्या पेशी ओव्हरीवर बसून मोठ्या गाठी करतात. म्युसिनस गाठ आणि जेली दोन्ही असतील तर रिपोर्टमध्ये अपेंडिक्सबद्दल स्पष्ट वाक्य हवंच.

पुन्हा पुन्हा पाणी काढायचा प्रयत्न. जेली घट्ट असते, सुईतून येत नाही. एकदा काही आलं नाही तर हीच माहिती सर्जनला द्या. पुन्हा पुन्हा टोचत बसू नका.

## टप्पा ७: एमआरआय कधी

सीटीनंतर, आणि प्रश्न उरला असेल तरच. लहान आतड्यावरचा आणि ओटीपोटातला बारीक पसरा एमआरआय जास्त चांगला दाखवतो. पण 'पोटाचा एमआरआय' एवढंच लिहून तो मिळत नाही. डिफ्यूजन सीक्वेन्स आणि गॅडोलिनियम (एमआरआयचा कॉन्ट्रास्ट) दिल्यावर काही मिनिटांनी घेतलेली उशिराची चित्रं, ही दोन्ही चिठ्ठीवर हवीत. आतड्याची हालचाल थांबवायला बऱ्याचदा इंजेक्शन देतात. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा हृदयाचा आजार असेल तर त्याआधी सांगा. पेसमेकर आणि शरीरातले धातूही.

यात अर्धा-पाऊण तास पडून राहावं लागतं आणि श्वास बरेचदा रोखावा लागतो. रुग्णाला ते जमेल का, याचा विचार आधी करा.

## टप्पा ८: पेट स्कॅन, आणि तो कोणता

नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं किरणोत्सारी औषध देतात, ते जास्त साखर खाणाऱ्या पेशींत साठतं. म्युसिनस गाठीत जेली भरपूर आणि पेशी विरळ, त्यामुळे पोटभर पसरा असूनही पेट फिका येऊ शकतो. अशा गाठीत 'पेट नॉर्मल' म्हणजे आजार नाही, असा अर्थ काढू नका. जोमाने वाढणाऱ्या गाठीत पोटाबाहेर पसरलंय का हे पाहायला त्याचा उपयोग होतो. तो करायचाच असेल तर ६ तास उपाशी राहायचं आणि साखर २०० च्या खाली हवी.

न्यूरोएंडोक्राइन गाठीसाठी वेगळा पेट लागतो, गॅलियम डोटाटेट किंवा डोटानॉक. दर महिन्याचं ऑक्ट्रिओटाइड इंजेक्शन चालू असेल तर बुकिंग करतानाच सांगा. स्कॅन सहसा पुढच्या इंजेक्शनच्या आधी ठेवतात.

## टप्पा ९: स्कॅन आणि लक्षणं जुळत नसतील तर

स्कॅन बराचसा स्वच्छ, पण मार्कर चढे किंवा पोट वाढतंय, किंवा लहान आतड्याचं नीट कळत नाही, अशा वेळी सर्जन लॅप्रोस्कोपी सुचवतात. दुर्बिणीतून ते अस्तर प्रत्यक्ष पाहतात आणि तुकडा घेतात. जेलीत पेशी आहेत की नुसती जेली आहे, हे कोणताही स्कॅन सांगू शकत नाही. ते पॅथॉलॉजिस्टच सांगतात. त्यासाठी पुन्हा दोन स्कॅन करत बसण्यात वेळ घालवू नका.

## टप्पा १०: पुढची देखरेख

ऑपरेशननंतर सूज ओसरल्यावर एक पायाभूत स्कॅन होतो. तो कधी करायचा ते सर्जन ठरवतील. यानंतरचे सगळे स्कॅन शक्यतो त्याच सेंटरवर, त्याच पद्धतीने, त्याच प्यायच्या कॉन्ट्रास्टने करा. एकदा पांढरा कॉन्ट्रास्ट आणि पुढच्या वेळी पाणी, असं झालं तर तुलना ढिली पडते. प्रत्येक वेळी क्रिएटिनिन आणि मार्कर नवे. तरुण रुग्णाला अनेक वर्षं स्कॅन लागणार असतील तर काही वेळा एमआरआयवर चालेल का, म्हणजे किरणांचा डोस कमी राहील, हे विचारा.

संथ वाढणारी जेली सहा महिन्यांत दोन-तीन मिलिमीटर वाढते आणि रिपोर्टमध्ये 'फारसा बदल नाही' असं येतं. पुढच्या वेळीही तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. तीन वर्षांपूर्वीचा स्कॅन शेजारी ठेवला की वाढ स्पष्ट दिसते. म्हणून दर वेळी पायाभूत स्कॅनची आणि मागच्या स्कॅनची अशा दोन्ही सीडी द्या, आणि चिठ्ठीवर 'दोन्हींशी तुलना करावी' असं लिहून घ्या.